निरीक्षणाचा महिना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होण्यापूर्वी जाणते व्यापारी पोत्यातून एक हळकुंड काढून मधोमध मोडतात. वरून ते कितीही झळझळीत दिसो, भाव ठरतो तो गाभ्याच्या रंगावर. अशाच एका अडत दुकानदाराच्या मुलीने बारावीनंतर रेडिओग्राफीच्या पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा घरात थोडी चुळबुळ झाली. कुटुंबात डॉक्टर होते, सनदी लेखापाल तर पैशाला पासरी. पण रुग्णाला यंत्रासमोर उभे करून चित्र घेणारे कोणी नव्हते. ‘म्हणजे कंपाउंडरच की,’ असे आत्याबाई म्हणाल्या. वडिलांनी विरोध केला नाही, पण उत्साहही दाखविला नाही.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस तिला मिरजेच्या एका रुग्णालयात महिनाभर निरीक्षणासाठी पाठविण्यात आले. मिरज हे जुन्या काळापासून दवाखान्यांचे गाव. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय तेथे 1894 साली उभे राहिले. त्याच्या पुढच्याच वर्षी, 8 नोव्हेंबर 1895 रोजी, जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. या शोधाचे पेटंट घेण्यास रोंटगेन यांनी नकार दिला होता. व्यापारी घरातल्या मुलीला अभ्यासक्रमातील ही गोष्ट विशेष लक्षात राहिली, यात नवल नाही.

पहिल्या दिवशी विभागातील वरिष्ठ तंत्रज्ञांनी तिला एकच नियम सांगितला : हात मागे बांधून उभे राहायचे. बटणाला, रुग्णाला, कागदाला, कशालाही हात लावायचा नाही. पेढीवर नव्याने बसलेल्या मुलाला तिजोरीची किल्ली कोणी पहिल्या दिवशी देत नाही, तसेच हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पहिले चार दिवस मात्र पाय दुखण्यापलीकडे काही शिकल्यासारखे तिला वाटले नाही.

मग हळूहळू गोष्टी दिसू लागल्या. छायाचित्र घेताना तंत्रज्ञ शिसेयुक्त काचेच्या आड जातात, ते केवळ रिवाज म्हणून नव्हे. किरणांच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की मारा एकचतुर्थांश होतो. त्यांच्या छातीवरचा लहानसा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो आणि अंगावर किती किरणोत्सर्ग साठला याचा हिशेब परत येतो. आपल्या देशात या कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा मिलिसिव्हर्टच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. पोटाच्या सीटी स्कॅनची त्याच्या शंभरपट किंवा अधिक भरू शकते. ‘एकदा सगळ्या अंगाचे स्कॅन करून टाका, पैशांची काळजी करू नका,’ असे सांगणारे सधन नातेवाईक तिने आठवड्यात तीनदा पाहिले. जास्त पैसे मोजले की तपासणी जास्त चांगली, हा बाजाराचा हिशेब येथे लागू पडत नाही, हे त्यांना समजावण्यात रेडिओलॉजिस्टांचा बराच वेळ जात असे.

एमआरआयच्या दाराशी वेगळीच शिस्त होती. तेथील चुंबक पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या हजारो पटींनी प्रबळ असते आणि तपासणी चालू नसतानाही ते कार्यरत असते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात रुग्णाचा तरुण नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत शिरला आणि प्राणास मुकला. साडीच्या पिना, केसांतले आकडे, खिशातली किल्ली हे सर्व बाहेर ठेवण्याचा आग्रह म्हणूनच धरतात. मंगळसूत्र उतरवताना एखाद्या वृद्धेचे डोळे भरून येत. परिचारिका ते रुमालात बांधून तिच्या सुनेच्या हाती देत असे.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर, गर्भलिंगनिदान केले जात नाही, असा कायद्याने बंधनकारक असलेला फलक होता. देशातील कायदा 1994 चा. महाराष्ट्राने त्याआधीच, 1988 मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. तरीही ‘पेढे सांगायचे की बर्फी?’ असे हसत विचारणारे कोणी ना कोणी निघतच. विचारणारी माणसे सुशिक्षित आणि चांगल्या घरची असत. मुलीला आठवले, आपल्या जन्माच्या वेळी घरी बर्फी वाटली होती.

तिसऱ्या आठवड्यातील एका सकाळी कंबरदुखीने त्रस्त असलेली एक तरुण सून सासूबरोबर आली. कंबरेचा एक्स-रे काढायचा होता. बाहेर बारा-तेरा रुग्ण खोळंबले होते. तंत्रज्ञांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘पाळी वगैरे चुकलेली नाही ना?’ उत्तर सासूबाईंनी दिले, ‘नाही हो, तसलं काही नाही.’ कागदावर खूण झाली. सून टेबलावर आडवी झाली.

भिंतीवर मराठीत सूचना होती : गर्भवती असल्यास किंवा तशी शंका असल्यास एक्स-रेपूर्वी सांगावे. काचेआडून मुलीला दिसले, की ती सून छताकडे नव्हे, त्या सूचनेकडे पाहत होती. नजर वळवी आणि पुन्हा तेथेच आणी.

कशाला हात लावायचा नाही, असे तिला सांगितले होते. बोलायचे की नाही, हे कोणी सांगितले नव्हते. गर्दीच्या वेळी शिकाऊ मुलीने वरिष्ठांना थांबविणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. तंत्रज्ञांचा हात बटणाकडे जात असताना ती म्हणाली, ‘सर, त्यांना एकदा एकटं विचारूया का?’

ते क्षणभर थांबले. मग उठून दार उघडले आणि सासूबाईंना शांतपणे म्हणाले, ‘आजी, चित्र घेताना आत फक्त पेशंट थांबतो. बाहेर बसा, पाच मिनिटं.’ आत परिचारिकेला पाठविले. सून बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, तारीख उलटून बारा दिवस झाले आहेत. घरी अजून कोणाला सांगितलेले नाही.

अशा एका एक्स-रेने गर्भाला इजा होतेच असे नाही. नकळत काढला गेला म्हणून घाबरून गर्भपाताचा विचार करणेही चूक. पण टाळता येण्याजोगी मात्रा टाळावी, हा या विद्येचा मूळ नियम. डॉक्टरांना फोन झाला. त्या दिवशी चित्र घेतले गेले नाही. रांग वीस मिनिटे लांबली आणि बाहेर दोघे-तिघे तावातावाने बोलले. तंत्रज्ञांनी मुलीला शाबासकी दिली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते प्रत्येक तरुण स्त्रीला हा प्रश्न दार लावून विचारू लागले.

रविवारी ती सांगलीला घरी गेली. जेवताना वडिलांनी विचारले, ‘महिना होत आला. काही करायला दिलं का?’

‘नाही आप्पा, नुसतं पाहायचं.’ मग नावगाव न सांगता तिने तो प्रसंग सांगितला. आत्याबाई ताटावरच थांबल्या होत्या.

‘मग? होते का दिवस तिला?’ त्यांनी विचारले.

‘ते बाहेर सांगायचं नसतं, आत्या.’

आत्याबाईंना ते आवडले नाही. वडिलांनी पुढे काही विचारले नाही. कोणत्या शेतकऱ्याने किती उचल घेतली आहे, कोणाची बाकी थकली आहे, हे त्यांनीही पेढीवरून उठून कधी घरात आणले नव्हते. हात धुऊन आल्यावर ते म्हणाले, ‘उद्या किती वाजता पोचायचंय? मी सोडतो मिरजेला.’