तुटलेला भाग भंगारात देऊ नका

आर्वी, हिंगणघाट, पुलगाव यांपैकी कोणत्याही गावी बाजाराच्या दिवशी उभे राहिले, तर मागील चाकाच्या दोन्ही बाजूंना लहान चाके जोडलेली स्कूटर हमखास दृष्टीस पडते. ती चालवणाऱ्यांपैकी बरेचजण बालपणी पोलिओ झालेल्या पिढीतील असून आज साठीच्या घरात आहेत. अलीकडे पक्षाघातातून सावरलेले आणि मधुमेहामुळे पाय गमावलेले ज्येष्ठही त्यांत दिसतात. मोटारीत हाताने चालणारा ब्रेक व ॲक्सिलरेटर किंवा डाव्या पायासाठीचा ॲक्सिलरेटर बसवून घेणारेही आहेत. दवाखाना, बँक, शेत, लेकीचे घर, सारे काही कोणाच्याही उपकाराविना गाठता येते, ते या जोडसाधनांच्या बळावर.

हे साधन चालत्या वाहनात निकामी झाले, तर काय होते, याचा वैद्यकीय विचार करू. धडधाकट माणूस तोल जाताच पाय टेकतो. पोलिओग्रस्त पायाला ते जमत नाही. त्या पायाचे हाड वर्षानुवर्षे पुरेसा भार न पडल्याने ठिसूळ झालेले असते आणि साध्या पडण्यानेही मोडू शकते. पोलिओनंतर काही दशकांनी स्नायूंची ताकद पुन्हा कमी होऊ लागते, हेही अनेकांच्या बाबतीत घडते. मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाला तर पेडलवर आपण किती दाब देतो आहोत, हेच कळत नाही. म्हणून या मंडळींच्या वाहनातील एक सैल नट किंवा एक कच्चे वेल्डिंग इतरांच्या तुलनेत फार महागात पडते.

माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण देतो. रपट्यावरून उतरताना बाजूच्या चाकाचा दांडा वेल्डिंगपाशी तुटला, स्कूटर कलंडली आणि मांडीचे हाड मोडले. चार महिने ते अंथरुणाला खिळून होते. त्यांचे पालुपद एकच, “डॉक्टरसाहेब, माझंच चुकलं. या वयात गाडी चालवायलाच नको होती.” मुलाने स्कूटर विकली आणि तुटलेला दांडा भंगारवाल्याला दिला. बिल मुळात घेतलेलेच नव्हते. दांडा का तुटला, हा प्रश्न घरात कोणीही विचारला नाही. अपंग माणूस पडला की दोष त्याच्या अपंगत्वाला किंवा वयाला देण्याची आपल्याला सवय आहे. साधनाची चौकशी होत नाही आणि तसलाच दांडा दुसऱ्या कोणाच्या तरी स्कूटरला बसतो.

कायदा मात्र साधनाची चौकशी करू देतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात ‘उत्पादन दायित्व’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे इजा, आजार किंवा मृत्यू ओढवला, तर भरपाई मागण्याचा हक्क त्याने दिला आहे. इजेसोबतचा मानसिक त्रासही त्यात धरला जातो. घडणीतील दोष, रचनेतील दोष, दिलेल्या हमीनुसार वस्तू नसणे आणि योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे, या कारणांसाठी उत्पादक जबाबदार ठरू शकतो. शेवटचे कारण नीट लक्षात घ्यावे. बाजूला चाके जोडलेली स्कूटर वळणावर साध्या स्कूटरसारखी झुकत नाही, त्यामुळे वेगात वळवल्यास ती उलटू शकते. हे ग्राहकाला सांगितलेच नसेल, तर ती उणीव सूचना न देणाऱ्याची आहे.

येथे एक मेख आहे. मूळ वाहनात बदल केलेला असल्याने त्याची कंपनी व विक्रेता हात झटकू शकतात. परंतु विकणाऱ्यानेच वस्तूत बदल केला आणि त्या बदलामुळेच मुख्यत्वे इजा झाली, तर तो स्वतः जबाबदार ठरतो. जोडणी करताना वाजवी काळजी न घेतल्यासही तसेच. म्हणून चाके कोणी बसवली, याचा लेखी पुरावा म्हणजेच पक्के बिल हाच साऱ्या दाव्याचा पाया होय.

कागद नसल्याची किंमत आपल्या देशाने एकदा मोजली आहे. डीप्यू या कंपनीचा ‘एएसआर’ हा कृत्रिम खुबा सदोष आढळल्याने ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. भारतात तो बसवण्याच्या सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे 2018 मध्ये केंद्र सरकारने भरपाईचे सूत्र ठरवले, तोवर बहुतेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. दोष सिद्ध होऊनही हक्कदार सापडू नयेत, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावी.

अपघात झालाच, तर प्रथम उपचार. डॉक्टरांना केवळ “गाडीवरून पडलो” असे न सांगता “दांडा तुटला”, “ब्रेकचा दांडा अडकला” असे जे घडले ते नेमके सांगावे व केसपेपरवर लिहून घ्यावे. पोलिसांत नोंद करावी. वाहन दुरुस्त करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. तुटलेला भाग पिशवीत बांधून, तारीख घालून, जपून ठेवावा. आयोग तो प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते. अंथरुणावरच्या माणसाचे सहा-आठ महिने सहज निघून जातात, म्हणून ही मुदत सांभाळणे हे घरच्यांचे काम आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील नेमण्याचे बंधन नाही. मुलाने विकत घेतलेली वस्तू त्याच्या संमतीने वडील वापरत असतील, तर तेही ग्राहकच ठरतात. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

अर्थात अपघात टाळणे अधिक श्रेयस्कर. साधन घेताना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी झाली आहे का, हे विचारावे. बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी. मोटार वाहन कायद्याने ‘अनुकूलित वाहना’ला मान्यता दिलेली आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. वापराच्या सूचना लिहून मागाव्यात. दर महिन्याला नट-बोल्ट, केबल आणि वेल्डिंगवरची बारीक भेग कोणाला तरी पाहायला सांगावी, कारण वाकून पाहणे त्या चालकाला शक्य नसते.

काळजीवाहकांना एक विनंती. घरातील ज्येष्ठ वाहनावरून पडले, तर किल्ली काढून घेण्याची घाई करू नका. त्यांची नजर, हातापायांतील ताकद आणि चालू औषधे डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि त्याच आठवड्यात वाहनही जाणकार कारागिराला दाखवा. दोष शरीरात आढळला, तर वाहन सोडण्याचा विचार त्यांच्यासह बसून करा. दोष लोखंडात आढळला, तर किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या आणि तक्रारीचा कागद तुम्ही हाती घ्या.