दया हवी, पण दाराआड नको

राष्ट्रपतींचा माफीचा अधिकार काढूनच टाका, असे आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात. मला ते मान्य नाही. फाशीला विरोध करणाऱ्या आपण, घटनेच्या ७२व्या कलमातली शेवटची वाट कशी बुजवणार? पण १५ ऑगस्ट २०२२ला गुजरात सरकारने बिल्किस बानोच्या ११ गुन्हेगारांना शिक्षेत सूट देऊन सोडले, तेव्हा तिला कोणी विचारलेही नाही. (हारतुरे मात्र तयार होते!) निदान ती सूट सर्वोच्च न्यायालयाला तपासता आली, ८ जानेवारी २०२४ला रद्द करता आली. फाशीच्या दयाअर्जावर राष्ट्रपतींनी निर्णय कसा घेतला, हे मात्र १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार कोणत्याही न्यायालयात विचारायचे नाही! हे कलम गेलेच पाहिजे. निर्णयाची कारणे छापा, आणि त्याआधी पीडित बाईचे ऐका.