विकासाची वाट पाहा, हे कोणाला सांगता?

एका परिसंवादात नुकतंच पुन्हा ऐकलं: गरिबांना मुलं हवीच असतात, शिक्षण आणि रोजगार आले की पाळणे आपोआप लांबतात, गोळ्या-तांब्या वाटण्यावरचा पैसा पाण्यात जातो. वक्त्याला टाळ्याही पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांनी बांगलादेशातल्या चांदपूर जिल्ह्यातला मतलब हा भाग माहीत करून घ्यावा. नद्यांनी कापलेला, भातावर जगणारा गरीब मुलूख. १९७५ मध्ये तिथे गावातल्या वयस्क बायांकरवी घरोघर गोळ्या वाटल्या. वापर वाढला आणि पुढे घसरला. गोळीने मळमळलं, मध्येच रक्त दिसलं, तर विचारायचं कोणाला? आमच्या विद्वानांनी इथेच पुस्तक मिटलं असतं. पण १९७७ मध्ये जवळपास निम्म्या गावांत पद्धत बदलली. आता दारात येणारी बाई त्याच गावची, शिकलेली, लग्न झालेली तरुणी होती आणि ती दर पंधरवड्याला येत होती. तिच्याकडे गोळ्या होत्या, निरोध होते, इंजेक्शन होतं. तांबी हवी असेल तर दवाखान्यात सोय होती. त्रास झाला तर ती साधन बदलून द्यायची, नाहीतर दवाखान्यात पाठवायची. ज्या बाईला एकटीने बाजारात जायची मुभा नव्हती, तिला इंजेक्शन घरात मिळू लागलं. दीड वर्षात साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांखालून तीसच्या आसपास गेलं. नेहमीची सरकारी सेवा असलेल्या शेजारच्या गावांपेक्षा जन्मदर सुमारे पाव हिश्श्याने खाली आला. दोन्हीकडे भात तोच, पूर तोच, गरिबी तीच. मग ‘मुलं हवीच’ असलेल्या बायका गेल्या कुठे?

खर्च फार झाला म्हणतात. झाला; नको असलेल्या बाळंतपणात गेलेल्या आईची किंमत मात्र त्यांच्या हिशेबात नसते. शिक्षणाने फरक पडतो, हे कोणीच नाकारत नाही. पण पाच लेकरांच्या आईला ‘मुलगी शिकेपर्यंत थांब’ असं सांगणं हा निर्दयपणा आहे.

हा वाद जुनाच. १९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक परिषदेत ‘विकास हेच उत्तम गर्भनिरोधक’ ही घोषणा भारतानेच गाजवली. आणि त्याच भारतात १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या सक्तीचं पाप आज सगळ्या कार्यक्रमाच्या माथी मारलं जातं. माणसं धरून आणून आकडे भरणं वेगळं आणि मागेल तिला साधन देणं वेगळं. हा फरक न कळण्याइतके हे लोक अडाणी नाहीत.

आमचं म्हणणं थोडकं आहे. निवड बाईची असावी आणि साधन दिल्यावर तिची विचारपूस व्हावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३ टक्के. दोन मुलांमध्ये अंतर ठेवू पाहणाऱ्या विशीतल्या बाईला शस्त्रक्रियेचा काय उपयोग? तेव्हा आशाताईंना मानधन वेळेवर द्या, उपकेंद्रात इंजेक्शन आणि तांबी बारा महिने मिळू द्या, आणि पुरुषांच्या बिनटाक्याच्या नसबंदीची सोय प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात कायम ठेवा.