मिसरचे मुके दगड आणि अकोल्याचे बोलके दगड

मिसर देशातील पिरॅमिडांची चित्रे पाहून आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ तोंडात बोट घालतात, आणि ते योग्यच आहे. खुफू राजाचे थडगे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे असून त्याची मूळ उंची सुमारे 146 मीटर होती. परंतु त्याच्या अंगावरील पांढऱ्या, गुळगुळीत चुनखडीचे कवच गेले कोठे, हे विचारणारे फार थोडे. त्यातील पुष्कळसे दगड कैरो शहराच्या इमारतींत गेले; आणि ते उपटून नेणारे लोक त्याच देशात नांदत होते.

त्या लोकांस दोष देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्राचीन मिसरच्या चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख फिली येथील देवळात इ. स. 394 मध्ये कोरला गेला. पुढे ती लिपी जाणणारा मनुष्यच उरला नाही. शांपोल्यो या फ्रेंच पंडिताने 1822 मध्ये तिचे रहस्य उलगडीपर्यंत चौदाशे वर्षे त्या भिंतींवरील देव आणि त्यांस नैवेद्य अर्पण करणारे राजे पाहणारांस केवळ विचित्र आकृती वाटत. जी भिंत बोलत नाही, तिचा दगड काढून नेताना कोणाचे हात थरथरणार?

आमच्यापाशी ही सबब नाही. आमच्या दगडांची लिपी मेलेली नाही. मोर्णाकाठच्या असदगडाचेच पाहा. दहीहंडा वेशीवरील लेखात औरंगजेबाच्या अमदानीत नबाब असदखानाच्या वेळी बांधकाम झाल्याचे म्हटले आहे, तर अगरवेशीवरील मराठी लेख गढी गोविंद आप्पाजीने 1843 मध्ये बांधली असे सांगतो. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात या दोहोंची नोंद आहे. दोन्ही लेख शब्दशः खरे असणे शक्य नाही. कदाचित आप्पाजीने डागडुजी केली असेल. मिसरचा दुसरा रामसेस तर पूर्वीच्या राजांच्या पुतळ्यांवर आपले नाव खोल कोरवून घेत असे, तेव्हा ही हौस काही केवळ वऱ्हाडातलीच नव्हे! पण हा वाद आपल्या डोक्यावरच्या कमानीत कोरलेला असता त्याखालून रोज जाणाऱ्या किती जणांस त्याची वार्ता आहे? 1870 च्या सुमारास इंग्रज सरकारने या किल्ल्याचा बराच भाग पाडला. उरले ते आमच्या उदासीनतेच्या स्वाधीन आहे.

लेख वाचल्याने काय लाभ, असे कोणी विचारील, तर त्याने बार्शीटाकळीस जावे. तेथील देवीचे प्राचीन मंदिर हेमाडपंती, म्हणजे हेमाडपंताने बांधविलेले, असे लोक सरसकट समजतात. परंतु तेथील शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इ. स. 1176 चा आहे. आणि हेमाडपंत हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. एका ओळीच्या वाचनाने मंदिराचे वय जवळजवळ शंभर वर्षांनी वाढते.

आमचे व्यापारी बंधू धर्मकार्यास कधी हात आखडत नाहीत, हे आम्ही जाणतो. श्रावणात गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वरापर्यंत पायी येणारे तरुण याच गावचे. परंतु गावोगावच्या जीर्णोद्धारात या औदार्याचे काय होते? जुन्या खांबांवर तैलरंगाचे थर चढतात, भिंतींस चकचकीत फरश्या बसतात, आणि कोरीव अक्षरे बुजून जातात. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी मात्र स्पष्ट वाचता येते. ही देवसेवा नव्हे. अबू सिंबेल येथील रामसेसाची मंदिरे अस्वानच्या नव्या धरणात बुडणार म्हणून 1964 ते 1968 या काळात त्यांचे तुकडे करून ती सुमारे 65 मीटर उंचावर पुन्हा उभारली गेली. अनेक राष्ट्रांनी त्यासाठी द्रव्य दिले, आणि त्यांपैकी एकाचाही तो देव नव्हता.

आम्ही इतके अफाट काही मागत नाही. जुन्या शहरात जे लेख आज शिल्लक आहेत त्यांचे कागदावर ठसे घ्यावेत, ते जाणत्यांकडून वाचवून घ्यावेत आणि शेजारी मराठी अर्थाचा साधा फलक लावावा. खर्च एखाद्या मध्यम लग्नातील मांडवाइतकाही येणार नाही. या गावात फारसी जाणणारे मौलवी आहेत, देवनागरी व मोडीचे अभ्यासकही आहेत. दोघांनी एक दिवस एकाच वेशीखाली बसावे. महानगरपालिकेने परवानगीचे कागद अडवू नयेत, एवढेच तिचे काम. देणगीदारांस आपले नाव हवेच असेल, तर ते फलकाच्या मागील बाजूस खुशाल घालावे.

भर पावसात ठसा नीट उठत नाही. म्हणून पावसाळा सरल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस या कामास उत्तम. तोवर वेशींस चुना फासणारांचे हात तरी थांबवावेत.