झाकण्यापूर्वी पाहावे



घराच्या डागडुजीविषयी ह्या सदरात लिहिताना मी बहुधा आपल्याकडील कौलारू घरे नजरेपुढे ठेवतो. आज मात्र आपणांस दूरदेशी, एका जमिनीखालच्या खोलीत न्यावयाचे आहे. आपल्या गावांतील कित्येक मुले-मुली परदेशी स्थायिक झाली आहेत आणि आज ना उद्या त्यांचे वृद्ध आईबाप अशाच एखाद्या खोलीत निजावयास जाणार आहेत. "आई, तुझ्यासाठी खाली स्वतंत्र खोली करतो आहे," असे मुलाने कळविले की आईचा ऊर भरून येतो. ती खोली कशी केली आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

माझा पुतण्या कॅनडात, टोरांटोनजीकच्या ब्रॅम्प्टन शहरात राहतो. २०२३ च्या सप्टेंबरात मी सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो. त्याची आई, म्हणजे माझ्या वहिनी, खानापूर तालुक्यातील घराला कुलूप लावून नाताळापूर्वी त्याच्याकडे यावयाच्या होत्या. तळघरात त्यांच्यासाठी निजण्याची खोली आणि शेजारी स्वतःच्या कचेरीच्या कामासाठी एक लहान खोली, असा पुतण्याचा बेत होता. मजुरी तिकडे फार महाग, म्हणून काम होईल तितके स्वहस्ते करावयाचे. शिवाय जन्मभर शाळेत सुतारकाम शिकविलेला चुलता आयताच हाताशी आलेला!

तिकडे बहुतेक घरांना तळघर का असते, हे आधी सांगितले पाहिजे. हिवाळ्यात तिकडील जमीन गोठते. मातीतील पाणी गोठताना फुगते आणि वरचा पाया उचलून घराला तडे पाडते. म्हणून पाया जेथवर जमीन गोठते त्याच्याही खाली न्यावा लागतो. टोरांटोच्या आसमंतात ही खोली सुमारे ४ फूट धरतात. इतके खणावयाचेच आहे, तर आणखी थोडे खणून खाली राहण्याजोगी जागा का करू नये, ह्या विचाराने तेथे तळघराची चाल पडली. पण तळघर म्हणजे तीन-चार बाजूंनी ओल्या मातीत उभे केलेले काँक्रीटचे पेटारे, ही गोष्ट विसरून चालत नाही.

मी पोहोचलो तेव्हा लाकडी पट्ट्या, जिप्समचे तक्ते, केबलचे मोठे रीळ असे सारे सामान तळघरात येऊन पडले होते. भिंतीलगत पट्ट्यांचा सांगाडा उभारावयाचा, त्यात कापसासारखा काचतंतू भरावयाचा, वरून तक्ते ठोकावयाचे आणि रंग काढावयाचा. चार आठवड्यांत खोली तयार, असा त्याचा हिशेब. मी कोपऱ्यातील भिंतीला हात लावून पाहिला. हात गार पडला आणि किंचित ओलसरही लागला.

"अरे, ही ओल कशाची?" मी विचारले.

"काका, तळघराला एवढी ओल असतेच. तक्ते बसले की दिसणार नाही."

"दिसणार नाही म्हणूनच विचारतो आहे."

आमचा पहिला खटका तेथे उडाला. पुतण्या आळशी नव्हे की कंजूषही नव्हे. आई येण्यापूर्वी खोली सजलेली हवी, एवढीच त्याची घाई होती. प्रेमाच्या पोटी केलेली घाई अधिक हट्टी असते, हे मला त्या दिवशी कळले.

ओलीची परीक्षा साधी आहे. प्लास्टिकचा दोन फूट चौरस तुकडा भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. खोलीच्या बाजूने त्यावर दव धरले, तर ओल हवेतील. प्लास्टिकच्या आतून, भिंतीकडील अंगाला पाणी दिसले, तर ओल मातीतून येते. आमच्याकडे पाणी आतून धरले. आम्ही बाहेर जाऊन पाहिले, तो छपराच्या पन्हाळीचा नळ नेमका त्याच कोपऱ्याच्या पायाशी सुटलेला! नळाला जोड देऊन त्याचे तोंड ६ फूट लांब नेले. भिंतीपासून १० फुटांत ६ इंच उतार पडेल अशी माती ओढली. दोन-तीन जोराचे पाऊस होऊन गेल्यावर पुन्हा प्लास्टिक लावले, ते कोरडे निघाले. खर्च जवळजवळ काहीच नाही, पण तीन आठवडे गेले. मग भिंतीला आधी फेसाचे कठीण तक्ते चिकटविले आणि त्यापुढे सांगाडा उभारला. थंड काँक्रीटला काचतंतू थेट टेकविला, तर घरातील उबदार हवा मागे शिरून तेथे पाणी धरते आणि वर्षा-दोन वर्षांत बुरशी येते. ही बुरशी तक्त्यांमागे वाढते. माणसाला तिचा पत्ता खोकल्यावरून लागतो.

दुसरा खटका खिडकीवरून उडाला. खोलीला खिडकी होती खरी, पण छताला लागून, हातभर रुंद आणि वीतभर उंच. जिना एकच, आणि तो स्वयंपाकघराच्या दाराशी निघणारा. मी विचारले, "वर चुलीपाशी पेट घेतला, तर वहिनींनी बाहेर कोठून पडावे?" पुतण्या काही बोलला नाही. रात्री त्याने ऑंटॅरिओ प्रांताचे बांधकामाचे नियम काढून मला दाखविले. तळघरात निजण्याची खोली असेल आणि तेथून थेट बाहेर जाणारे दार नसेल, तर आतून कोणत्याही अवजाराशिवाय उघडणारी खिडकी हवी. तिची मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर आणि तिची कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरांहून कमी नको. खिडकीबाहेर खड्डा करावा लागला, तर तिच्यासमोर ५५० मिलिमीटर मोकळीक ठेवावी लागते. नगरपालिकेचा परवाना काढला आणि जाणत्या कारागिराकडून काँक्रीट कापून मोठी खिडकी बसविली. दिवाणखान्यातील नव्या सामानासाठी राखलेली रक्कम त्यात गेली. सुनेने ती कुरकूर न करता दिली, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

आता तारांविषयी. विजेच्या मुख्य तारांना आम्ही हात लावला नाही. ते काम परवानाधारक माणसाला दिले. इंटरनेटच्या तारा मात्र आम्ही दोघांनी ओढल्या. बिनतारी लहरी असताना तारा कशाला, असे कोणी विचारील. लहरी काँक्रीट आणि पत्रा ह्यांतून जाताना क्षीण होतात आणि तळघराच्या छतातून तर गरम हवेचे पत्र्याचे नळ सर्वत्र गेलेले असतात. तार हा खात्रीचा मार्ग.

ह्या कामासाठी आम्ही कॅट सहा जातीची केबल घेतली. तिच्या पोटात आठ बारीक तारा, दोन-दोनांचा पीळ घालून चार जोड्यांत असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. शेजारच्या तारांचा उपद्रव त्यानेच टळतो. म्हणून टोकाशी पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये. केबल शुद्ध तांब्याची पाहून घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात मिळते. ती ठिसूळ असते आणि तिच्यातून उपकरणाला वीजही पुरविली तर तापते. एका केबलची लांबी १०० मीटरांपलीकडे नेऊ नये. घरात इतकी लागतही नाही. विजेच्या तारांपासून ती काही इंच दूर ठेवावी आणि ओलांडावयाची झालीच, तर काटकोनात ओलांडावी.

तुळयांना छिद्रे पाडताना माझा जीव खालीवर होत होता. छिद्र तुळईच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाहून मोठे नको आणि वरच्या-खालच्या कडेपासून ५० मिलिमीटर आत हवे, असा तेथील नियम. उभ्या पट्टीत छिद्र कडेच्या फार जवळ आले, तर पुढे तक्त्याचा स्क्रू केबलमध्ये घुसतो. तेथे लोखंडी पत्री ठोकावी. टोकाला आठ तारा ठरल्या क्रमाने बसवावयाच्या असतात: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम एकच हवा. सात केबलींपैकी सहा पहिल्याच खेपेस उतरल्या. सातव्या केबलीची परीक्षा घेताना तपासणी-यंत्राचे दिवे तीन आणि पाच ह्या जागी उलटे लागले. मंद उजेडात मी हिरवी-पांढरी आणि निळी-पांढरी ह्यांची अदलाबदल केली होती. पुतण्या हसला. मी टोक कापून पुन्हा बसविले. तक्ते ठोकल्यावर हीच चूक ध्यानात आली असती, तर हसू आले नसते.

प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना क्रमांक लिहिला. एक रिकामा नळ आणि त्यात ओढदोरी ठेवली, कारण उद्या कोणती नवी तार लागेल ते आज सांगवत नाही. भिंतीला मोजपट्टी टेकवून सर्व बाजूंची छायाचित्रे घेतली. तक्ते ठोकण्यापूर्वी नगरपालिकेचा तपासनीस आणि विजेचा तपासनीस, दोघेही येऊन आतले काम पाहून गेले. तेथील कायदाच असा की, पाहिल्यावाचून झाकावयाचे नाही.

एवढे होऊनही एक गोष्ट उरली होती. जमिनीतील युरेनियमपासून रेडॉन नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. फरशीच्या फटींतून तो तळघरात साचतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल त्याचा क्रम लागतो. कॅनडा सरकारने घरातील हवेसाठी दर घनमीटरास २०० बेकरेल ही मर्यादा घालून दिली आहे. चाचणीची डबी थंडीच्या दिवसांत, दारे-खिडक्या बंद असताना, निदान तीन महिने ठेवावी लागते. आम्ही ती ऑक्टोबरात ठेवली. म्हणजे निकाल जानेवारीत येणार.

डिसेंबरात वहिनी आल्या. खोली अपुरी पाहून पुतण्याचे डोळे भरून आले. "माय, नाताळापर्यंत करून देतो म्हणालो होतो," एवढेच तो बोलला. वहिनी नातवंडांच्या खोलीत निजल्या आणि नातवंडे दिवाणखान्यात गादी घालून. मुलांना त्याची मौजच वाटली.

जानेवारीत निकाल आला, तो मर्यादेच्या वर. त्या दिवशी पुतण्या बराच वेळ तळघराच्या पायरीवर बसून होता. त्याच्या हिशेबाप्रमाणे खोली ऑक्टोबरातच तयार झाली असती आणि आई त्या हवेत वर्षानुवर्षे निजली असती. उपाय अवघड नव्हता. जाणत्या माणसाने फरशीला भोक पाडून नळ बसविला आणि फरशीखालची हवा पंख्याने ओढून बाहेर सोडली. पुन्हा मोजले, तेव्हा आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली आला. मार्चात मी परत निघालो, त्याच्या आदल्या आठवड्यात वहिनी खाली राहावयास गेल्या.

आपल्याकडे तळघरे विरळा, पण जांभ्या दगडाच्या दीड-दोन फूट रुंद भिंती घरोघर आहेत. पुढच्या पडवीतील यंत्राच्या लहरी मागच्या खोलीत पोहोचत नाहीत, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. तेथेही हीच केबल उपयोगी पडते. ती नळीतून न्यावी, नाहीतर उंदीर कुरतडतील. अंगण ओलांडून गोठ्याकडे वा दुसऱ्या घराकडे तांब्याची केबल मात्र नेऊ नये; वळवाच्या विजांचा धक्का तिच्यावाटे घरात येऊ शकतो. तेथे काचेच्या तंतूची केबल घालावी. तिच्यातून केवळ प्रकाश जातो.

आणि ज्यांची मुले थंड मुलखात आहेत, त्यांनी "तुझ्यासाठी खाली खोली केली आहे," असे कळताच आनंद जरूर मानावा. पण तीन प्रश्न विचारावेत. भिंत पावसानंतर कोरडी राहते का? आग लागली, तर जिन्याशिवाय बाहेर पडावयास वाट आहे का? हवेतील रेडॉन मोजला आहे का? मुलगा रागावणार नाही. रागावलाच, तर ह्या चुलत्याचे नाव सांगावे.

वहिनींचा परवा फोन आला होता. घरी कोणी पाहुणे आले की त्या आधी रंगविलेली खोली दाखवीत नाहीत. भिंतीच्या आतली ती छायाचित्रे दाखवितात.