स्लॅबवरचं पाणी आणि हॉस्टेलचा ताप

पावसाळा लागला की नागपुरात दोन गोष्टी हमखास होतात. एक, नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचतं. दोन, कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगतं, की हा जो ताप पसरलाय ना, तो सगळा त्या लेबर लोकांमुळे! आपल्या कॅम्पसमध्ये हे वाक्य मी मेसपासून रीडिंग रूमपर्यंत निदान वीस वेळा तरी ऐकलं असेल. गेल्या सप्टेंबरमध्ये मुलींच्या हॉस्टेलमध्ये डेंग्यूचे पेशंट निघाले. दोघींच्या सेशनल बुडाल्या, एकीचे आईबाबा रातोरात अमरावतीहून गाडी घेऊन आले. मग प्लेटलेटचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे सगळीकडे फिरले, पपईच्या पानांचा रस झाला, किवी झाली. आणि या सगळ्यातून शेवटी ठरलं काय? तर नव्या हॉस्टेलच्या बांधकामावरच्या मजुरांनी आपल्या वॉटर कूलरवर पाणी भरायला यायचं नाही.

मित्रांनो, मला या निर्णयाबद्दलच लिहायचं आहे.

डेंग्यू ग्लासातून होत नाही, हे आपण बारावीच्या बायोलॉजीत शिकलो आहोत (ज्यांनी बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं त्यांना माफ). एडिस जातीची मादी आजारी माणसाला चावते, तिच्या अंगात विषाणू वाढायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात, आणि मग ती ज्याला चावेल त्याला तो देते. ती चावते दिवसा, आणि उडते फार तर शंभर-दोनशे मीटर. नवं हॉस्टेल आपल्या हॉस्टेलपासून किती लांब आहे? माझ्या खोलीच्या खिडकीतून मिस्त्रीचा रेडिओ ऐकू येतो, इतकं! म्हणजे त्यांचे डास आणि आपले डास असे वेगळे नसतातच. आणि डासांच्या पैदाशीचं म्हणाल, तर आपल्या खिडक्यांत लटकणारे कूलर आधी बघा. मे महिन्यात ४५ डिग्रीला ते आपला जीव वाचवतात हे कबूल, पण ऑगस्ट उजाडला तरी त्यांच्या टाकीत पाणी असतंच ना? पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या रेजाकडे कूलर नाही. तो फक्त आपल्याकडे आहे.

पण साइट निर्दोष आहे असंही मला म्हणायचं नाही. उलट साइट हे तापाचं मोठं घर आहे, आणि ते घर मजूर बांधत नाही, आपण बांधतो. आपण म्हणजे सिव्हिलवाले.

उन्हाळ्यात ट्रेनिंगसाठी मी शहराबाहेरच्या एका साइटवर महिनाभर जात होते. तिथं मला पहिल्यांदा कळलं, की ज्याला आपण वर्गात क्युरिंग म्हणतो त्याला मराठीत ‘पाणी मारणं’ म्हणतात आणि साइटवरच्या हिंदीत ‘तराई’. स्लॅब टाकल्यावर त्याच्यावर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि ते पाण्यानं भरून ठेवतात. वरून बघितलं तर अगदी भाताची खाचरं! किती दिवस भरून ठेवायचे? आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं आहे, की साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान सात दिवस. मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी आणि गरम असेल तर किमान दहा, आणि मिश्र सिमेंटला हे चौदापर्यंत वाढवावं अशी शिफारस आहे. आता डासाचं वेळापत्रक बघा. साचलेल्या पाण्यात अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून उडणारा डास, यालाही आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. व्हायवाला हे दोन आकडे शेजारी शेजारी कुणीच विचारत नाही! आपण क्यूब फोडून सात दिवसांची ताकद मोजतो, आणि त्याच सात दिवसांत त्याच इमारतीत दुसरंही काहीतरी तयार होत असतं. शहरी मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफेलिस स्टीफेन्सी डासाला तर क्युरिंगचं पाणी, उघडी टाकी, लिफ्टचा खड्डा, बेसमेंट हे सगळं मनापासून आवडतं. मुंबईत २०१० साली मलेरियाची मोठी साथ आली तेव्हा महापालिकेचा रोख बांधकामांकडे होता, तो उगाच नाही. आपल्याकडेही २०२४ च्या पावसाळ्यात चिकनगुनियानं घरोघरी लोकांना जिने चढणं मुश्कील केलं होतं, ते विसरायला नको.

मग क्युरिंग बंद करायचं का? मुळीच नाही, काँक्रीट कच्चं राहील. पण त्याच कोडच्या त्याच कलमात पाणी साठवण्याच्या बरोबरीनं दुसरा मार्गही दिला आहे: ओलं गोणपाट किंवा किंतान अंथरून ते सतत भिजतं ठेवणं. गोणपाटात अळी पोहत नाही. आणि वाफेच करायचे असतील तर पाचव्या दिवशी बांध फोडून पाणी कोरड्या जमिनीवर सोडून द्यावं आणि लगेच पुन्हा भरावं. अर्ध्या-पाऊण तासानं काँक्रीटचं काही बिघडत नाही, पण अळ्या मात्र मातीत वाळून मरतात. टाक्या आणि ड्रम नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागतात, कारण एडिसची अंडी कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी राहू शकतात. लिफ्टच्या खड्ड्यात गप्पी मासे सोडता येतात. यातलं काहीही डॉक्टरनं करायचं काम नाही. आपण मात्र काय करतो, तर कॉलेजच्या मुख्य इमारतीसमोर धूर मारून घेतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

पाण्याचा विषय त्याहून गमतीशीर आहे, म्हणजे गंमत वाटत असेल तर. पिण्यालायक पाणी काँक्रीट कालवायला साधारणपणे चालतं, असं आयएस ४५६ म्हणतं. पीएच सहापेक्षा कमी नको, क्लोराइड किती, सल्फेट किती, सगळ्याच्या मर्यादा दिलेल्या आहेत आणि लॅबमध्ये आपण त्या तपासतोही. पण ते काँक्रीट डोक्यावर वाहून नेणारी बाई ज्या ड्रममधून पाणी पिते, त्या ड्रमचा रिपोर्ट मला त्या महिन्याभरात कुठल्याही फाइलमध्ये दिसला नाही. टँकर यायचा, एकच पाइप आधी क्युरिंगच्या टाकीत जायचा आणि मग पिण्याच्या ड्रममध्ये. वर एक स्टीलचा पेला, सगळ्यांना तोच. टायफॉइड, कावीळ, गॅस्ट्रो यांना आणखी काय पाहिजे? पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यावर अर्ध्या तासानं लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक दिसला पाहिजे, हे आपण एन्व्हायर्नमेंटलच्या प्रॅक्टिकलला करतो. रंग बदलतो, आपण जर्नलमध्ये लिहितो, सर सही करतात. ती छोटीशी पेटी साइटवर नेली तर पाच मिनिटांचं काम आहे.

तिथल्या मुकादमाला मी एकदा विचारलं, तर तो म्हणाला, “मॅडम, लेबर है, बुखार तो आएगाही.” त्यात दुष्टपणा नव्हता, तो स्वतःही त्याच ड्रमचं पाणी पीत होता. पण हे वाक्य मला फार लागलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथं दर सोमवारी नखं आणि रुमाल तपासत. स्वच्छता हा माणसाचा गुण आहे, असं त्या वयात सगळ्यांच्याच डोक्यात पक्कं बसतं. पण चाळीस माणसांमागे एक संडास आणि त्यालाही पाणी नाही अशी जागा असेल, तर गुण कुणाचे मोजायचे?

हे काही आजचं नाही. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वे चढवली, तेव्हा ऐन भरात तिथं चाळीस हजारांहून अधिक माणसं राबत होती आणि कॉलरा त्यांच्या झोपड्यांतून फिरत होता. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार १८५९ साली कामावर आला आणि काही आठवड्यांतच आजारानं गेला. पुढं त्याची बायको ॲलिस हिनं तो ठेका चालवला. ट्रेडवेलचं नाव पुस्तकांत आहे, मजुरांची फक्त संख्या. पुढं १९०९ साली मुंबईत वैद्यकीय परिषद भरली, तिथं क्रिस्टोफर्स आणि बेंटली या दोन डॉक्टरांनी मोठं स्पष्ट मत मांडलं. रेल्वे, गोद्या, चहाचे मळे अशा कामांवर दूरदूरची गरीब माणसं एकत्र आणायची, त्यांना कसंबसं ठेवायचं आणि सतत बदलत राहायचं, हीच मलेरिया भडकवणारी गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. डास हवाच, पण एकटा डास पुरेसा नाही. शंभर वर्षांहून जास्त झाली या गोष्टीला, आणि आपण अजून ‘लेबर लोक ताप आणतात’ यावरच आहोत.

थोडा आणतातही, हे खरं. गडचिरोली किंवा बालाघाटच्या जंगलपट्ट्यातून आलेल्या एखाद्याच्या यकृतात व्हायव्हॅक्स मलेरिया दबा धरून बसलेला असू शकतो. त्याला मुळापासून काढायला चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. पण ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो, आणि रोजंदारीचा माणूस ताप उतरला की पाट्या उचलायला जातो. दवाखान्याच्या लाइनीत दिवस घालवला तर हजेरी बुडते. त्यामुळे मेडिकल स्टोअरमधून दोन गोळ्या आणि काम सुरू. टीबीचं तर आणखी कठीण. सिमेंट, वाळू आणि कटिंगची धूळ फुप्फुसं खराब करते, त्यात पत्र्याच्या बंद खोलीत आठ-दहा जण झोपतात, आणि उपचार किमान काही महिने चालतो. तेवढ्यात स्लॅब संपतो आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यात जातो. सरकारच्या निक्षय नोंदणीवर त्याला देशात कुठंही औषध मिळू शकतं, पण हे त्याला सांगणारं साइटवर कुणी असायला हवं ना?

दाटीवाटीचं काय होतं ते कोविडनं दाखवलं. २०२० साली मी शाळेत होते. हैदराबादच्या रस्त्यानं नागपुरातून उत्तरेकडं चालत जाणारी माणसं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, काहींनी घराच्या गच्चीवरूनही. त्याच वर्षी सिंगापूरसारख्या चकाचक देशात नोंदलेल्या ५८ हजारांवर रुग्णांपैकी ५४ हजारांहून अधिक रुग्ण परदेशी मजुरांच्या वसतिगृहांतले होते, आणि त्यांत कितीतरी आपले भारतीय. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं? मजुरांना स्वच्छतेवर भाषण दिलं नाही. नव्या वसतिगृहांचा नियम बदलला: एका खोलीत जास्तीत जास्त बारा माणसं आणि संडास-बाथरूम खोलीला जोडून. म्हणजे ड्रॉइंग बदललं!

आपल्याकडे कायदा नव्हता असं नाही. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पिण्याच्या पाण्याची जागा संडास-मोरीपासून सहा मीटरच्या आत नको, इतकं बारीक लिहिलं होतं. राहण्याची मोफत सोय, वेगळी स्वयंपाकाची जागा, न्हाणी, संडास, सगळं होतं. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या श्रमसंहितांमध्ये सामावला गेला आहे. बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकरही वर्षानुवर्षं गोळा होतो आहे, आणि तो नीट खर्च होत नाही म्हणून सुप्रीम कोर्टानं २०१८ साली सरकारांना कडक शब्दांत सुनावलं होतं. पण त्यातून लाभ घ्यायचा तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. छत्तीसगडहून आलेल्या आणि चार ठेकेदारांकडे काम केलेल्या रेजानं तो कुणाकडे मागायचा?

म्हणून माझं मत असं, की याची सुरुवात एस्टिमेटमध्ये व्हावी. टेंडरच्या बिलात मुरूम भरावाची ओळ असते, तशीच गोणपाटाची, पिण्याच्या वेगळ्या बंद टाकीची, नळांची, संडासांची आणि तापाच्या दिवसाच्या मजुरीची ओळ असावी. ती नसेल तर ठेकेदार तो खर्च करणार नाही, आणि त्याला नुसता दोष देऊन उपयोग नाही, कारण सगळ्यात कमी दराचा ठेका आपणच निवडतो. पूर्ण स्लॅबच्या काँक्रीटच्या बिलापुढं हा खर्च कुठं दिसणारही नाही. साइट डायरीत क्यूबच्या नंबराशेजारी आज किती जणांना ताप आहे हा एक रकाना घातला, तर साथ आठ दिवस आधी कळेल. हॉस्टेललाही!

आपल्या कॉलेजपुरतं सांगायचं, तर नव्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्याचा स्लॅब या महिन्याच्या शेवटी टाकणार आहेत. आमच्या वर्गातले आम्ही चौघं दर शुक्रवारी वाफ्यांचं पाणी सोडायला, टाक्या बघायला आणि पिण्याच्या पाण्याचा क्लोरीन तपासायला तयार आहोत. एन्व्हायर्नमेंटल लॅबमधली पेटी दोन तासांसाठी लागेल. विभागप्रमुख सरांकडे अर्ज दिला आहे. त्याच अर्जात वॉटर कूलरवरची ती मनाई उठवावी असंही लिहिलं आहे, निदान साइटवर स्वच्छ पाण्याची टाकी बसेपर्यंत तरी. आणि शुक्रवारी सकाळी सगळ्या खोल्यांनी आपापल्या कूलरचं पाणी काढून टाकावं. बी विंगपासून सुरुवात करतोय, झोपमोड झाली तर चिडू नका.