वजनकाटा आणि तहान

गेल्या शनिवारी भाच्याला घेऊन शालेय कुस्ती स्पर्धेला गेलो होतो. पहाटे पाचला उठून! (ऑफिससाठी कधी उठलो नाही. असो.) गाडीत पाण्याची बाटली पुढे केली तर पठ्ठ्या म्हणतो, "नको मामा, वजन झाल्यावर."

आदल्या दुपारपासून पाणी बंद. संध्याकाळी स्वेटरवर जर्किन चढवून पळाला होता म्हणे. वय वर्षं चौदा. वजनाच्या रांगेत बघतो तर बरीच पोरं तशीच, ओठ सुकलेले, अधूनमधून कोपऱ्यात जाऊन थुंकतायत. थुंकीचंही वजन असतं ना! वस्तादांना विचारलं, तर म्हणाले, "साहेब, सगळेच करतात. खालच्या गटात सोपं जातं."

अहो, सगळेच करतात तर सोपं कसं जाईल? समोर तोच पोरगा येणार, तोही तहानलेलाच. आणि एका रात्रीत उतरतं ते पाणी, चरबी नव्हे. पाणी घटलं की रक्ताचं आकारमान घटतं, हृदयाला जास्त धावावं लागतं, घाम पुरेसा येत नाही आणि अंग तापत जातं. १९९७ साली अमेरिकेत अशाच प्रकारे वजन उतरवताना सव्वा महिन्यात कॉलेजचे तीन कुस्तीगीर मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत वजन उतरवण्यासाठी सॉना आणि रबरी सूट वापरायला बंदी आली, आणि गट ठरवण्याआधी लघवी तपासून शरीरात पुरेसं पाणी आहे का, ते बघायला लागले.

आणि आपण? २०२४ला पॅरिसमध्ये विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी बाद झाली तेव्हा आठवडाभर आपण त्या १०० ग्रॅमवर वाद घातला. मीही घातला, चहाच्या टपरीवर, तावातावाने. पण एरवी ५३ किलोत खेळलेल्या बाईला ५० किलोत बसायला शरीराचं काय करावं लागलं असेल, हे फारसं कुणी बोललं नाही. तिच्या दिमतीला निदान डॉक्टर तरी होते. या पोरांच्या दिमतीला कोण? माझ्यासारखा मामा, तोही सुट्टी होती म्हणून.

वजन झाल्यावर भाच्याने घटाघटा बाटली संपवली, वर दोन वडापाव. पहिली कुस्ती जिंकला. दुसरीत पोटरीत असा गोळा आला की उचलून बाहेर आणावं लागलं.

पुढच्या वर्षी तो वरच्या गटात खेळणार, हे ताईशी भांडून ठरवलंय. वस्तादांना सांगायचं अजून बाकी आहे.